वियोग भत्ता

आमच्या कारखान्यात पंप बनतात आणि पगाराच्या दिवशी भांडणं बनतात. पंपांचा दर्जा गेल्या काही वर्षांत सुधारला. भांडणांचा मुळातच चांगला होता.

माझं नाव तिरुनावुक्करसु. ते कुठल्याच छापील अर्जाच्या रकान्यात बसत नाही, म्हणून अवघं कोइंबतूर मला नुसतं अरसु म्हणतं. आमच्या भाषेत अरसु म्हणजे सरकार. बावीस वर्षं मी या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर आहे आणि नावाला जागून आहे. सगळे माझ्याकडे अर्ज करतात आणि कोणाचंच काही होत नाही.

तर एके दिवशी सकाळी धाकट्या मालकांनी, म्हणजे कदिरवेल साहेबांनी, मला बोलावलं. हे थोरल्यांचे नातू. परदेशात शिकून आलेले, नुकतंच लग्न झालेलं, टेबलावर एकही कागद न ठेवणारे. कागद नसलेल्या टेबलासमोर बसलं की मला उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटतं.

"अरसु सर, आपल्याकडे भत्ते किती आहेत?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीस?"

"सायकल-तेल भत्त्याचे दोन प्रकार धरले तर बेचाळीस."

मी यादी पुढे केली. थोरले मालक दिलदार गृहस्थ होते. कोणी अडचण सांगितली की ते भत्ता देत, आणि अडचण गेली तरी भत्ता राही. कामगारांच्या चाळीत वीज नव्हती तेव्हा कंदील भत्ता सुरू झाला. तो अजून पाच जण घेत होते, आणि त्यातल्या एकाचा जन्मच वीज आल्यानंतरचा होता. फाटकावरच्या रखवालदाराला हत्ती भत्ता होता. देवळाचा हत्ती येता-जाता आमच्या टाकीवर पाणी प्यायला थांबायचा, त्याला केळी द्यायची म्हणून. हत्ती मरून नऊ वर्षं झाली. भत्ता बंद करायला मी गेलो, तर रखवालदार म्हणाला, "अय्या, हत्ती गेला, पण त्याची आठवण येते ना." मी आल्या पावली परतलो आणि भत्ता चालू राहिला.

कदिरवेल साहेबांनी यादी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "दर पोंगलला साठ माणसं गावी जातात ती परत येत नाहीत. मला अशी पगाराची योजना हवी की माणूस टिकेल. कामाप्रमाणे श्रेणी, श्रेणीप्रमाणे पगार, आणि भत्ते फार तर पाच. चेन्नईचा सल्लागार मागतोय तेवढ्यात मी नवं लेथ मशीन घेईन. तुम्हीच करा. तीन महिन्यांत."

लेथ मशीनपेक्षा आपण स्वस्त आहोत हे कळल्यावर माणसाला जे वाटतं ते मला वाटलं. पण आतून मी फुललोही होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला काहीतरी नवं करायला सांगितलं होतं.

मी राहतो शहरातल्या पीळमेडू भागात, एका घराच्या वरच्या खोलीत. खाली घरमालक, निवृत्त तहसीलदार ज्ञानशिखामणी. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण सही करायचा हात अजून शिवशिवतो. वाण्याची यादीसुद्धा ते तपासून, खाली तारीख घालून देतात. माझी बायको पूंगोडी मात्र इथे नसते. ती मन्नारगुडीला सरकारी शाळेत मास्तरीण आहे. इथून बसने तंजावूर, तिथून दुसरी बस, दिवस जातो. गेली सोळा वर्षं मी एका शनिवाराआड जातो आणि रविवारी निघतो. दर मे महिन्यात ती कोइंबतूरला बदलीचा अर्ज करते. एकदा बदली मिळालीही. जिल्हा कोइंबतूर आणि गाव वाल्पारै, म्हणजे चाळीस वळणांचा घाट चढून वर. तिथून मला भेटायला मन्नारगुडीइतकाच त्रास, वर पोटात ढवळणं. मुलगी दहावीला होती. पूंगोडीने बदली नाकारली. आता मुलगीही चेन्नईला शिकायला गेली, त्यामुळे पूंगोडी तिकडे एकटी आणि मी इकडे एकटा, असा कारभार आहे.

दोन महिने मी श्रेण्या पाडल्या. प्रत्येकाला विचारायचं, तू नेमकं काय करतोस? या प्रश्नाने माणूस किती बदलतो ते मी पाहिलं. स्टोअरकीपर म्हणाला, "मी नसलो तर कारखाना बंद." कँटीनच्या सेल्लम्माळ म्हणाल्या, "मी नसले तर कारखाना उपाशी." टाइमकीपर म्हणाला, "मी नसलो तर कोण नाही हे कोणाला कळणार?" सगळ्यांचं म्हणणं जसंच्या तसं धरलं असतं तर सगळ्यांना सर्वांत वरची श्रेणी द्यावी लागली असती आणि सर्वांत खाली मी एकटा उरलो असतो. शेवटी आठ श्रेण्या केल्या. भत्ते कापत कापत चारवर आणले. पाचवी जागा रिकामी होती.

मसुदा शनिवारी पुरा करायचा म्हणून माझं मन्नारगुडीला जाणं हुकलं. त्याच्या आधीचंही हुकलं होतं. संध्याकाळी फोन केला.

"जेवलीस?"

"जेवतेय," पूंगोडी म्हणाली. "अहो, कुळंबू दोघांचा झालाय."

"मी येत नाही म्हणून कळवलं होतं ना?"

"कळवलं होतं. पण शनिवारी हात आपोआप दोघांची चिंच घेतो. त्याला कोण कळवणार?"

फोन ठेवला आणि पाचव्या जागी मी लिहिलं: कुटुंबापासून लांब राहणाऱ्यांसाठी भत्ता.

सोमवारी कदिरवेल साहेबांनी चार भत्ते भराभर वाचले आणि पाचव्यावर थांबले. "हे कसं मोजणार?"

"किलोमीटरमध्ये," मी म्हणालो. "आणि शेवटच्या भेटीला किती दिवस झाले त्यावर. त्याचे गुण."

ते हसतील असं मला वाटलं होतं. पण आडी महिना चालू होता, आणि आडीत नवी सून माहेरी असते. साहेबांचं घर गेले सोळा दिवस रिकामं होतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "ईरोड किती किलोमीटर आहे हो?" मग उत्तराची वाट न पाहता सही केली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मी तो कागद घेऊन तहसीलदारांच्या ओसरीवर बसलो नसतो तर पुढेही राहिलं असतं.

तहसीलदारांनी चष्मा लावला. "नाव काय दिलंय? लांब राहणाऱ्यांसाठी? अरसु, हा भत्ता आहे की अंगाई? लिहा, वियोग भत्ता. आणि पुरावा कुठाय?"

"कशाचा?"

"वियोगाचा. उद्या प्रत्येक जण येऊन डोळे पुसेल. दाखल्याशिवाय अर्ज म्हणजे मिठाशिवाय ताक. लिहा. अर्जदाराचे कुटुंब अर्जदारासमवेत वास्तव्यास नसल्याबाबत मूळ गावच्या तलाठ्याचा दाखला. लिहिलंत? पुढे. सदर दाखला आणण्यासाठी लागणारा प्रवास कामावर धरला जाईल."

"हे कशाला?"

"नाहीतर युनियन हरकत घेईल. मी अडतीस वर्षं नियम लिहिलेत. नियम असा लिहावा की हरकतीला बोट शिरवायला जागा राहू नये."

त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते सुंदर होतं. मंगळवारी नोटीस लागली.

गुरुवारपर्यंत माझ्या टेबलावर रजेचे दोनशे चौदा अर्ज होते. ओडिशा, बिहार, बंगाल, आसाम, खाली तिरुनेलवेली, वर धर्मपुरी. घरी नसल्याचा दाखला आणायला सगळ्यांना घरी जायचं होतं. नाही म्हणावं तर नोटिशीवर माझीच सही. प्रवास कामावर धरणार, असंही मीच लिहिलेलं. शनिवारी कारखाना रिकामा झाला. कदिरवेल साहेब ओतकामाच्या शेडमध्ये उभे होते. म्हणाले, "अरसु सर, ऐका."

"काय?"

"पाखरं. आजोबांच्या काळापासून इथे पाखरांचा आवाज कोणी ऐकला नसेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

पंधरवड्यात माणसं परतली आणि दाखलेही आले. ओडियात, हिंदीत, बंगालीत, असमियात. तमिळ सोडून एकही मला वाचता येईना. ज्यांचं भाषांतर करून घेतलं त्यातल्या एका तलाठ्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: सदर इसम आज रोजी आपल्या घरी पत्नी व मुलांसमवेत आढळून आला, मी समक्ष पाहिले. शेवटच्या भेटीला किती दिवस झाले, या रकान्यात तर परतलेल्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: चार. कोणी पाच. वियोगाचा दाखला आणायला जाऊन सगळे वियोग संपवून आले होते. माझ्या गुणांच्या तक्त्यात चार दिवसांना शून्य गुण होते.

आणि जे इथलेच, बायकामुलांत राहणारे, ते काय गप्प बसणार? फिटर आरोक्यसामी हा सरळ माणूस. त्याने बायकोला, स्टेलाला, समजावलं, "महिनाभर दिंडुक्कलला आईकडे जा, भत्ता लागला की ये." त्याचं पाहून वस्तीतल्या तीसेक जणांनी बायका माहेरी पाठवल्या. कँटीनची रांग फाटकापर्यंत गेली आणि सेल्लम्माळ माझं नाव घेऊन भात वाढायला लागल्या.

दहाव्या दिवशी आरोक्यसामी माझ्यासमोर येऊन बसला.

"सर, स्टेलाचा फोन आला. म्हणते, इथे आई सकाळी कॉफी हातात आणून देते. म्हणते, तुमच्या सरांना सांगून आणखी तीन महिन्यांचा अर्ज भरा."

"मग?"

"मग काय सर. भत्ता नको. बायको आणून द्या."

हे काही कुठल्या श्रेणीतल्या माणसाचं काम नव्हतं, पण मी फोन केला. स्टेलाबाई माझ्याशी फार आदराने बोलल्या. माझे आभार मानले. परतायचं मात्र काही बोलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी भाजी घेत होतो. शेजारी दोन बायका शेवग्याच्या शेंगा मोडून पाहत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "हाच तो. बायकांना घराबाहेर काढणारा." दुसरीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तरीच याची इथे नसते." मी निवडलेली वांगी तशीच ठेवून घरी आलो. सोळा वर्षं शनिवार मोजणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

आता समितीची बैठक. समितीत चौघे: कदिरवेल साहेब, मी, युनियनचे कॉम्रेड मारियप्पन आणि हिशेब खात्याचे शेषाद्री. शेषाद्री म्हणजे कोरडा माणूस. त्यांच्या तोंडून शिंकसुद्धा व्हाउचरशिवाय बाहेर पडत नाही.

मारियप्पन आधी बोलले. "लेथवरचा इळंगो. त्याचा अर्ज तुम्ही का फेटाळला?"

"त्याचं लग्नच झालेलं नाही, कॉम्रेड."

"त्याचं एका मुलीवर मन आहे. ती सेलमला असते."

"ठरलंय का?"

"तिने अजून होकार दिलेला नाही."

"मग वियोग कसला?"

"अरसु," मारियप्पन फार शांतपणे म्हणाले, "तोच तर सगळ्यात मोठा."

साहेब खाली पाहू लागले. मग मी शेषाद्रींचा अर्ज काढला, कारण त्यांनीही केला होता. अंतराच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ओसरी ते स्वयंपाकघर.

"शेषाद्री सर, तुम्ही तर या भत्त्याच्या विरुद्ध आहात."

"आहेच. पण असणारच असेल तर मी का वगळला जावा? माझी बायको अलमेलू चार वर्षं माझ्याशी बोललेली नाही. तिच्या भावाच्या जामिनाला मी सही दिली नाही तेव्हापासून. किलोमीटरचा हिशेब तुम्ही बघा."

कोणी हसलं नाही. पण बहुधा त्या न हसण्यानेच शेषाद्री चिडले. त्यांनी फाइल माझ्याकडून ओढून घेतली, पहिलं पान उघडलं आणि ते सगळ्यांकडे फिरवलं.

"आणि हे पण बघा. अर्ज क्रमांक एक. तिरुनावुक्करसु, मन्नारगुडी. योजना करणाऱ्यानेच पहिला अर्ज भरलाय. हा भत्ता कोणासाठी काढला ते आता मला कळलं."

तो अर्ज मी नमुना म्हणून भरला होता, असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. पण उरलेलं अर्धं मला माहीत होतं, आणि मला वाटतं ते टेबलाभोवती सगळ्यांनाच दिसत होतं. मी पान फाइलमधून काढलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणालो, "अर्ज क्रमांक एक रद्द."

संध्याकाळी पूंगोडीला सांगितलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "किती गुण होते आपले?"

"आता काय त्याचं? रद्द केला ना."

"तरी."

"शेवटच्या भेटीला सदतीस दिवस धरले होते. त्याचे..."

"सदतीस नाही," ती म्हणाली, "तुम्ही अर्ज भरलात त्या दिवशी एकोणचाळीस. तुम्ही अमावास्येच्या आधीचे शनिवार-रविवार मोजायचे सोडलेत."

मी कॅलेंडर पाहिलं. एकोणचाळीसच होते.

दुसऱ्या दिवशी अर्जांचा गठ्ठा लावताना एक कोरा अर्ज हाती लागला. वर नुसतं नाव: दुर्योधन बेहेरा, भट्टी. खाली सगळे रकाने मोकळे. दाखला नाही. मी त्याला बोलावलं. काळा, हडकुळा, तिशीतला माणूस. त्याचं तमिळ सगळं भट्टीवर शिकलेलं, त्यामुळे त्यात कामाचे शब्द आणि शिव्या सोडून फारसं काही नव्हतं. शिव्या गाळून तो सावकाश बोलायचा.

"अर्ज भरला का नाहीस?"

"किलोमीटर माहीत नाही सार."

"मग गावी कसा जातोस?"

"ट्रेन. मग बस. मग नदी. नदीत पाणी असलं तर होडी, नसलं तर चालत."

"दाखल्याला का नाही गेलास? सगळे गेले."

"सगळे गेले म्हणून. भट्टी विझली तर आतलं अस्तर फुटतं. कोणीतरी राहायला पाहिजे. चूल विझवून घरी कसं जाणार सार?"

मी पेन उचललं. "शेवटची भेट कधी?"

"दोन रथयात्रा झाल्या." मग म्हणाला, "पोरगी आहे. मी निघालो तेव्हा पोटात होती. आता बोलते. बायको तिला विचारते, बाबा कुठंय, तर ती फोनला हात लावून दाखवते. तिला वाटतं बाप म्हणजे ते."

मी काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून म्हणालो, "तुला सगळ्यात जास्त भत्ता बसेल, दुर्योधन."

"भत्ता मिळाला तर तोही पाठवीन. पैसा मनीऑर्डरने जातो सार. मी जात नाही." तो हिशेब बोटांवर करू लागला. "रजा आठ दिवस. जायला दोन, यायला दोन. उरले चार. पोरगी पहिले तीन दिवस रडणार. चौथ्या दिवशी जवळ येणार, तर मी निघणार. त्यापेक्षा नको वाटतं."

तो गेल्यावर मी बराच वेळ आठ श्रेण्या आणि पाच भत्ते समोर ठेवून बसलो. दोन महिने मी सगळ्यांना, तू काय करतोस, ते विचारलं होतं. तुला काय हवंय, हे विचारायला अर्जात रकानाच नव्हता.

मग हजेरीपुस्तक काढलं. दाखल्यासाठी दोनशे चौदा जण गेले होते. परत किती आले? दोनशे बारा. उरलेल्या दोघांपैकी एकाला गालगुंड झालं होतं आणि दुसऱ्याला तलाठी भेटत नव्हता. मी पुन्हा मोजलं. पोंगलला साठ-साठ माणसं गळतात, आणि या वेळी एकही नाही. मी साचे बनवणाऱ्या एका आसामी माणसाला गाठून कारण विचारलं.

तो म्हणाला, "पोंगलला आम्ही भांडून रजा घेतो. घरी पोचलं की वाटतं, पुन्हा कधी सोडतील कोणास ठाऊक. मग पाय निघत नाही. तिकडेच काहीतरी बघतो. या वेळी जाणं-येणं कामावर धरलं होतं. माणसाने सोडलं तर माणूस परत येतो ना, सर."

ज्या ओळीने माझा कारखाना बंद पाडला होता तीच ओळ बरोबर होती. तहसीलदारांनी ती युनियनच्या भीतीने घातली होती. पण चांगल्या गोष्टी कुठून येतात याची फार चौकशी करू नये, असं मी ठरवलं.

एका पानाची नवी योजना लिहिली. वियोग भत्ता रद्द. त्याऐवजी वर्षातून तीनदा घरी जायचं, जाण्या-येण्याचे दिवस रजेत धरायचे नाहीत, त्यातल्या एका वेळचं भाडं कारखान्याचं. दाखला नको, गुण नकोत. घर कुठे आहे ते माणसाने सांगायचं आणि आपण ऐकायचं.

अडचण अशी की तोवर आडी महिना संपला होता. साहेबांच्या सौभाग्यवती ईरोडहून परतल्या होत्या आणि साहेब गुणगुणत कामावर येऊ लागले होते. सुखी माणसासमोर विरहाची फाइल ठेवायला मला धास्ती वाटत होती. आणि शेषाद्री तर होतेच.

बैठकीत मी हजेरीचे आकडे वाचले. साहेबांनी विचारलं, "माणसं पाठवली तर काम कोण करणार?"

"पाळ्या लावू," मारियप्पन म्हणाले. "भट्टीचं युनियन बघेल. या वेळी सगळे एकदम गेले म्हणून कारखाना बंद पडला. नाहीतरी पोंगलला तो बंद पडतोच आणि साठ माणसं नवी शिकवावी लागतात."

साहेब शेषाद्रींकडे वळले. शेषाद्रींनी पान दोनदा वाचलं, उलटून मागे काही लिहिलंय का पाहिलं, आणि म्हणाले, "मान्य आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

शेषाद्री खालच्या आवाजात बोलू लागले. "परवा त्या बैठकीतलं कोणीतरी बाहेर सांगितलं. माझ्या अर्जाचं. ते हिंडत हिंडत अलमेलूच्या कानावर गेलं. काल मी ओसरीत जेवत होतो. ती आतून म्हणाली, ओसरी ते स्वयंपाकघर, किती गुण मिळाले?" त्यांनी पेनचं टोपण काढलं. "चार वर्षांत पहिल्यांदा बोलली. शून्य, असं मी सांगितलं. तर म्हणाली, मग आत येऊनच जेवा."

सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "एक अट आहे. अर्ज क्रमांक एक फाइलला परत लावा. नवी योजना लागू होणाऱ्यांत तुमचं नाव राहायला हवं. मी त्या दिवशी बोललो ते नोंदीत नको."

पहिल्या पाळीत दुर्योधन गेला. बारा दिवसांनी, ठरल्या तारखेला, भट्टीवर हजर. मी मुद्दाम खाली गेलो.

"ओळखलं का पोरीने?"

"दोन दिवस फोनकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर बसली आणि फोन विहिरीत टाकला."

"विहिरीत?"

"आता लागणार नाही म्हणून. तिचं बरोबर आहे सार." तो भट्टीकडे वळला. "पण आता मला तिचा आवाज ऐकायला येत नाही. पुढची पाळी कधी?"

मी तक्ता पाहून सांगितलं. त्याने ती तारीख भिंतीवर खडूने लिहिली आणि भट्टीचं दार उघडलं. मग धग आली आणि मला मागे सरावं लागलं.

स्टेलाबाई पण परतल्या, पण आरोक्यसामीला सकाळची कॉफी करता येते याची खात्री करून घेतल्यावर. इळंगोला सेलमहून अजून काही कळलेलं नाही.

माझी पाळी लागली ती आठवड्याच्या मधल्या वारी. मंगळवारी रात्री बस पकडली आणि तंजावूरला गाडी बदलून बुधवारी मन्नारगुडीला पोचलो. घराला कुलूप होतं. साहजिक होतं. सोळा वर्षांत मी शनिवार-रविवारची पूंगोडी पाहिली होती. बुधवारी ती कुठे असते, काय करते, मला ऐकूनच माहीत. मी शाळेकडे गेलो.

तिचा चौथीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला होता. खिडकीतून दिसली. हातात खडू, पदर खोचलेला, केसांना खडूची भुकटी लागलेली. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, फोनवरच्यापेक्षा खणखणीत. तिने वळून मला पाहिलं आणि हातातला खडू तिथेच ठेवून धावत दाराशी आली. चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग आज कसे? आज बुधवार आहे."

"नियम झालाय तसा," मी म्हणालो. "मीच केलाय."

ती दाराच्या चौकटीला टेकली. मागून चाळीस पोरं माना उंच करून बघत होती. एक मुलगी म्हणाली, "टीचर, हे कोण?"

पूंगोडीने डोळे पुसले, पदर नीट केला. "तपासणीला आलेत," तिने वर्गाला सांगितलं. आणि मला हळूच म्हणाली, "मागच्या बाकावर बसा. भागाकार अर्धा राहिलाय. सोडून येता येणार नाही."

मी मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलो. तिने भागाकार पुरा केला, मग दुसरा घातला. तो तिचाच चुकला आणि पोरांनी एका सुरात दुरुस्त केलं. घंटा होईपर्यंत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि घंटा झाल्यावर वह्या आवरायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला.

शाळेपासून तिचं घर सात मिनिटांवर आहे. ती तळ्याच्या काठाकाठाने मोठ्या वळणाने निघाली, आणि मीही, हा रस्ता का, असं विचारलं नाही. त्या दिवशी आम्हांला घरी पोचायला सव्वा तास लागला.